वीज सुटते, संडास अडतो

अमेरिकेत विजेची तार न घेता घर बांधणं बेकायदा आहे, असं ठासून सांगणारे लोक भेटतात. त्यांच्यापुढे तिथल्या कायद्याचं पुस्तक ठेवलं तर मात्र त्यांना ते वाक्य दाखवता येणार नाही, कारण देशभर लागू असलेली अशी बंदी नाहीच. उलट तिथल्या विद्युत संहितेत स्वतःपुरती वीज बनवणाऱ्या घरांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. तरीही अशा घरांच्या दारावर 'राहण्यास अयोग्य' असे कागद चिकटले आहेत, वसाहतींची कामं थांबली आहेत आणि एका वास्तुरचनाकाराचा परवानाही गेला आहे. मग अडतं कुठे? ही प्रकरणं उलगडत गेलं की लक्षात येतं, अडणारी वस्तू बहुतेक वेळा सौर पॅनेल नसते. वीज सुटते आणि घोडं अडतं ते पाण्यापाशी, नाहीतर संडासापाशी.

परवानगी देणारं एकच खातं अमेरिकेत नाही. विजेच्या कामाची नियमावली, म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, सरकार लिहीत नाही. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही खासगी संस्था ती दर तीन वर्षांनी नव्याने छापते. पहिली आवृत्ती 1897ची. मात्र हे पुस्तक छापून आलं म्हणजे कायदा झाला असं नाही. राज्य, काउंटी किंवा शहर ते स्वीकारतं तेव्हाच ते तिथे लागू होतं. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा किंवा मोठा तालुका, आणि अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. त्यामुळे एकाच वेळी एकीकडे ताजी आवृत्ती चालू असते, दुसरीकडे दोन आवृत्त्या जुनी. शेवटी खिडकीपलीकडे बसलेला बिल्डिंग इन्स्पेक्टर कोणता नियम कसा वाचतो यावर बरंच ठरतं. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

नियम आले ते पॅनेलांच्या मागून, बऱ्याच उशिरा. सिलिकॉनचा कामाचा सौर घट बेल लॅबोरेटरीजने 1954 मध्ये दाखवला. त्यानंतरची बरीच वर्षं तो घट उपग्रहांवरच शोभला, कारण घरावर बसवणं कोणाच्या खिशाला परवडत नव्हतं. डिसेंबर 1978 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या शुचुली या आदिवासी वस्तीवर नासाच्या लुईस संशोधन केंद्राने साडेतीन किलोवॉटचा संच उभा केला. पंधरा कुटुंबांची ही वस्ती तोहोनो ओओधाम लोकांची. त्यांना तेव्हा सरकारी कागदांत पापागो म्हणत. साडेतीन किलोवॉट म्हणजे आज पुण्यातल्या एखाद्या बंगल्याच्या गच्चीवर सहज दिसणारा संच. तेवढ्यावर त्या वस्तीचे दिवे, छोटे फ्रिज, पाण्याचा पंप, सगळ्यांत मिळून एक कपडे धुण्याचं यंत्र आणि एक शिवणयंत्र चालत असे. अख्ख्या गावाला सौर वीज पुरवण्याचा जगातला हा पहिला प्रयोग मानला जातो.

त्याच वर्षी उत्तर कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो काउंटीत, विलिट्स नावाच्या गावी, जॉन शेफर यांनी रिअल गुड्स नावाचं दुकान काढलं. शहर सोडून डोंगरात जमिनी घेतलेल्या हिप्पी मंडळींना तिथे सौर पॅनेल विकत मिळू लागली. मोटारीची बॅटरी, 12 व्होल्टचे दिवे आणि एखादं पॅनेल, एवढाच तो संसार. कागदपत्रांच्या नावाने बहुतेकांकडे आनंदच होता. त्यांची घरंही स्वतःच्या हातांनी, मिळेल त्या लाकडातून बांधलेली. काउंटीने सत्तरच्या दशकात ती पाडायचा बडगा उगारला तेव्हा रहिवासी संघटित झाले, आणि त्यातून कॅलिफोर्नियाच्या नियमांत एक वेगळाच भाग आला. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात मालकाने स्वतः बांधलेल्या घरांसाठीचा हा भाग. घर विजेच्या स्रोताला जोडलंच पाहिजे किंवा त्यात वायरिंग केलंच पाहिजे अशी सक्ती करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मेंडोसिनोत अशा परवान्याला 'क्लास के' म्हणतात. प्रत्येक काउंटीने तो स्वीकारलेला नाही. पण जिथे आहे तिथे, ज्या घराला एक बल्बही नको आहे तेदेखील कायदेशीर घर ठरू शकतं.

विद्युत संहितेत सौर विजेचं प्रकरण आलं 1984च्या आवृत्तीत. क्रमांक 690. सुरुवातीला ते चोपडं होतं, पुढे ते इतकं फुगलं की स्वतंत्र संचांचे नियम 2017 मध्ये वेगळे काढून 710 क्रमांकाचं नवं प्रकरण करावं लागलं. न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीतले अभियंते जॉन वाइल्स यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. 'होम पॉवर' हे ऑफ-ग्रिडवाल्यांचं, म्हणजे कंपनीच्या तारेवाचून राहणाऱ्यांचं, मासिक 1987 मध्ये सुरू झालं आणि 2018 मध्ये बंद पडलं. त्यात वाइल्स वर्षानुवर्षं या संहितेवरचं सदर लिहीत. इन्स्पेक्टरला शत्रू मानणाऱ्या वाचकवर्गाला नियम समजावणं सोपं नव्हतं, आणि डोंगरातल्या लोकांचे प्रश्न संहितेच्या समितीला समजावणं त्याहून अवघड असणार.

या 710व्या प्रकरणातली दोन कलमं जवळून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं कलम विजेच्या ताकदीबद्दल. ग्रिडवरच्या नव्या अमेरिकन घराला किमान 100 अँपियरची जोडणी लागते. एवढी वीज सौर संचातून द्यायची म्हटलं तर खर्च आभाळाला भिडेल. संहिता मात्र तसं मागत नाही. घरातलं वायरिंग ग्रिडवरच्या घरासारखंच पक्कं हवं, पण वीज देणारा स्रोत घरातल्या एकूण भाराएवढा असण्याची गरज नाही. घरातलं सगळ्यात मोठं एक उपकरण चालेल एवढा तो असला की पुरे. बोअरचा पंप सगळ्यात मोठा असेल, तर इन्व्हर्टर पंपाला पुरणारा हवा. पंप चालू असताना ओव्हन लावला आणि सगळंच बंद पडलं तर तो घरमालकाचा प्रश्न, सरकारचा नाही. बॅटरी असलीच पाहिजे असंही बंधन नाही. रात्री अंधारात बसायची तयारी असेल तर संहितेची ना नाही. अडाणीपणाला मोकळीक आणि आगीला बंदी, अशी ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

दुसरं कलम एका पाटीबद्दल आहे. अमेरिकेतल्या घरात 240 व्होल्टचा पुरवठा येतो. मधोमध न्यूट्रल आणि दोन्ही बाजूंना 120 व्होल्टच्या दोन फेज, एकमेकींच्या उलट्या. वायर वाचवण्यासाठी तिथले वायरमन कधीकधी दोन फेजना मिळून एकच न्यूट्रल ओढतात. दोन्हींचे परतीचे प्रवाह उलट असल्याने ते एकमेकांना काटतात आणि न्यूट्रलवर भार कमीच राहतो. आता असं वायरिंग असलेल्या घराला कोणी 120 व्होल्टचा एकच इन्व्हर्टर लावला आणि दोन्ही बाजू त्यालाच जोडल्या, तर काय होईल? दोन्ही बाजूंचे प्रवाह एकाच लयीत येतील. काटण्याऐवजी त्यांची बेरीज होईल. 15 अँपियरसाठी टाकलेल्या न्यूट्रलमधून 30 अँपियर वाहू लागतील. ब्रेकर पडणार नाही, कारण ब्रेकर फेजवर असतो, न्यूट्रलवर नसतो. भिंतीच्या आत, लाकडाला टेकलेली ती तार मुकाट्याने तापत राहील. म्हणून संहिता सांगते की अशा घराच्या मुख्य पेटीवर ठळक अक्षरांत इशारा लावा: पुरवठा एकेरी 120 व्होल्टचा आहे, सामायिक न्यूट्रलची सर्किटं जोडू नका. एका पाटीसाठी परवाना अडवतात म्हणून चिडणाऱ्याला त्या पाटीमागची ही तार दिसत नसते.

छपरावरच्या पॅनेलांचा नियम अग्निशमन दलामुळे आला. ग्रिडची वीज खांबावरून तोडता येते. सूर्य तोडता येत नाही. दिवसाउजेडी आग लागली आणि जवान कुऱ्हाड घेऊन छपरावर चढला, तर मुख्य स्विच बंद असूनही पॅनेलांपासून खाली येणाऱ्या तारांत शेकडो व्होल्ट असू शकतात. 2014च्या आवृत्तीपासून त्या झटपट निर्जीव करण्याची सोय सक्तीची झाली. 2017च्या नियमाप्रमाणे पॅनेलांच्या चौकटीबाहेरच्या तारा 30 सेकंदांत 30 व्होल्टच्या आत आल्या पाहिजेत. याशिवाय छपरावर चालायला वाट मोकळी सोडावी लागते. जागा असलेले बरेच जण म्हणूनच पॅनेल जमिनीवर चौकट उभारून लावतात. तिथे कोणाला छपरावर चढायचं नसल्याने नियमही सैल होतात, आणि पॅनेल पुसायलाही सोपं जातं.

बॅटरीचं दुखणं नवं आहे. शिसं-आम्लाच्या जुन्या बॅटऱ्या हायड्रोजन सोडत, म्हणून त्यांची खोली हवेशीर ठेवली की काम भागे. लिथियमने चित्र बदललं. घरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेच्या 2021च्या आवृत्तीत एका बॅटरी संचाला 20 किलोवॉट-तासांची मर्यादा आहे. घरातल्या कोठीच्या खोलीत मिळून 40, गॅरेजमध्ये 80. झोपायच्या खोलीत अजिबात नाही. तीन ढगाळ दिवस काढायचे म्हटलं तर मध्यम घराला 30-40 किलोवॉट-तास सहज लागतात, म्हणजे ही मर्यादा नेमकी ऑफ-ग्रिडवाल्यांच्या पायात येते. शिवाय संच मान्यताप्राप्त चाचणीतून गेलेला असला पाहिजे. भंगारातल्या विजेच्या मोटारीच्या बॅटऱ्या जोडून स्वस्तात संच बनवणारे हुशार लोक बरेच आहेत. त्यांचा संच उत्तम चालत असला तरी परवान्याच्या खिडकीत त्याला जागा नाही.

अर्ज प्रत्यक्षात फारसा अवघड नसतो. जागेचा नकाशा, एकेरी रेषेतला विद्युत आराखडा, भाराचा हिशोब, प्रत्येक उपकरणाचं माहितीपत्रक, छपरावर बसवायचं असेल तर ते वजन पेलेल याचा दाखला. मग कामाची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. मात्र ग्रिडवरच्या घरात इन्स्पेक्टरच्या हातात एक हुकमी पान असतं: त्याच्या शेऱ्याशिवाय वीज कंपनी मीटर चालू करत नाही. ऑफ-ग्रिड घरात हे पानच नाही. मालकाने स्विच टाकला की दिवे लागतात. त्यामुळे परवाना न घेताच राहायला जाणारे बरेच आणि सापडेपर्यंत कोणाला पत्ता नसणारेही बरेच. अडचण येते ती घर विकताना, विमा घेताना किंवा बँकेच्या दारात गेल्यावर. तोवर भोगवट्याच्या कागदाची किंमत कळलेली नसते.

शहरात मात्र शेजारी असतात आणि बातम्याही. फ्लोरिडातल्या केप कोरल शहरात 2013च्या अखेरीस एक बाई ग्रिड आणि नळजोड दोन्ही तोडून, सौर पॅनेल आणि पावसाच्या पाण्यावर राहत असल्याची बातमी स्थानिक दूरचित्रवाणीवर आली. लगेचच शहराने त्यांच्या घराला 'राहण्यास अयोग्य' ठरवणारा कागद लावला. आधार होता इमारतींच्या देखभालीच्या संहितेचा. प्रकरण देशभर गाजलं ते 'सौर विजेवर बंदी' म्हणून. पुढच्या वर्षी सुनावणीत विजेच्या मुद्द्यावर शहराचं म्हणणं टिकलं नाही. टिकलं ते पाण्याच्या मुद्द्यावर: शहराच्या नळाला जोडून घ्या. घरातलं सांडपाणी शहराच्याच गटारात जात होतं, हीही शहराची तक्रार होती. गाजावाजा पॅनेलांचा झाला आणि निकाल नळाचा लागला.

हे वाचताना पुण्याच्या डॉ. हेमा साने आठवल्याशिवाय राहत नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या या प्राध्यापिका बुधवार पेठेतल्या जुन्या घरात आयुष्यभर विजेविना राहिल्या, पुस्तकंही तिथेच लिहिली. त्यांच्याकडे लोक कुतूहलाने आणि आदराने पाहत. वीज नाही म्हणून घर सोडा, असं सांगणारा कागद घेऊन त्यांच्या दारी कोणी येण्याची कल्पनाही आपल्याला करवत नाही. आपल्या कायद्याचा कलच वेगळा आहे. 2003च्या विद्युत कायद्याने वीजनिर्मितीला परवान्यातून मुक्त केलं आणि चौथ्या कलमात तर ग्रामीण भागासाठी स्वतंत्र संचांना मुभा देणारं राष्ट्रीय धोरण आखायची जबाबदारी केंद्र सरकारवर टाकली. पैशांचा ओघ मात्र उलट्या दिशेने आहे. 2024 मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना 78,000 रुपयांपर्यंत अनुदान देते, पण ती आखलेली आहे ग्रिडला जोडलेल्या छतांसाठी. शेतात घर बांधून बॅटरीवर राहू पाहणाऱ्याला आपल्याकडे पॅनेल कोणी विचारत नाही. त्याची गाडी बिनशेतीच्या कागदावर अडते.

अमेरिकेतही ओसाड माळावर तेच, फक्त कागद वेगळा. कोलोरॅडोच्या सॅन लुईस खोऱ्यात, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, सत्तरच्या दशकात पाच-पाच एकरांचे तुकडे पाडून विकले गेले. कवडीमोल भाव, ऊन भरपूर, तार दूर. लोक ट्रेलर घेऊन आले, दोन-चार पॅनेल टेकवली आणि राहू लागले. 2015च्या सुमारास कॉस्टिला काउंटीने बडगा उचलला तो पॅनेलांवर नव्हे, सेप्टिक टँकवर. टँक आधी, मुक्काम मग. जमिनीपेक्षा टँक महाग, अशी गत. अ‍ॅरिझोनातली कोचीस काउंटी त्या मानाने उदार. चार एकर किंवा त्याहून मोठ्या ग्रामीण जमिनीवर स्वतः घर बांधणाऱ्याला ती तपासणीतून सूट देते. मालकाने तसं लेखी नोंदवून ठेवायचं, म्हणजे पुढे घर घेणाऱ्याला कळेल. एवढ्या उदार काउंटीतही मैल्याच्या टाकीला परवाना लागतोच. आणि लागावाच. वीज चुकली तर बहुधा बांधणाऱ्याचंच घर जळतं. मैला चुकला तर शेजाऱ्याच्या विहिरीत जातो.

हे सगळं एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचं असेल तर न्यू मेक्सिकोतल्या ताओसला जावं लागेल. मायकेल रेनॉल्ड्स 1969 मध्ये वास्तुकलेची पदवी घेऊन तिथे आले आणि बिअरच्या रिकाम्या डब्यांची घरं बांधू लागले. पुढे त्यांनी जुन्या मोटारींच्या टायरमध्ये माती ठोकून भिंती रचल्या. ठासून भरलेला एक टायर सव्वाशे किलोच्या पुढे जातो. दक्षिणेला तिरकी काच, बाकी तीन बाजूंनी मातीचा भराव. हिवाळ्यात पारा शून्याखाली खूप उतरतो तेव्हाही दिवसा साठलेली ऊब भिंती रात्री परत देतात. अशा घरांना त्यांनी 'अर्थशिप' म्हटलं. विजेचं काम पॅनेल आणि बॅटऱ्या करतात, ते कोणत्याही इन्स्पेक्टरला समजतं. नवल आहे ते पाण्याचं. त्या माळावर वर्षाला 20 ते 30 सेंटीमीटर पाऊस आणि बर्फ मिळून पडतो, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. छपरावरून टाक्यांत आलेलं पाणी आधी प्यायला आणि आंघोळीला. ते वापरलेलं पाणी घरातल्याच काचेमागच्या वाफ्यांत, जिथे केळीसुद्धा वाढतात. वाफ्यातून झिरपलेलं पाणी संडासाच्या टाकीत. तिथून ते बाहेरच्या झाडांना. एकच पाणी चारदा.

आणि नेमकं हेच परवान्यात बसत नव्हतं. वापरलेलं पाणी घरात फिरवायचं, तेच संडासाला वापरायचं, मैला झाडांना द्यायचा, याला कोणत्या रकान्यात लिहायचं? त्यात ग्रेटर वर्ल्ड ही त्यांची सहाशेहून जास्त एकरांची वसाहत. तिथे तारा नकोत, नळ नको, गटार नको, म्हणून रेनॉल्ड्स यांना भूखंड पाडण्याचे नियमही नको वाटत होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ताओस काउंटीने काम थांबवलं, आणि वसाहत कायदेशीर व्हायला पुढची कित्येक वर्षं गेली. राज्याच्या वास्तुरचनाकार मंडळाने त्यांचा परवानाही काढून घेतला. छपरं गळण्याच्या आणि घरं तापण्याच्या तक्रारीही होत्या, आणि त्या सगळ्याच खोट्या नव्हत्या. रेनॉल्ड्स यांचं म्हणणं असं की प्रयोग म्हटला की चूक होणार, आणि चूक करायलाच बंदी असेल तर नवं घर सापडणार कुठून. त्सुनामीनंतर, 2005च्या सुरुवातीला, ते आपली माणसं घेऊन अंदमानात गेले आणि तिथल्या लोकांच्या मदतीने टायर-बाटल्यांचं, पावसाचं पाणी साठवणारं नमुन्याचं घर उभं केलं. घरी मात्र ते विधानसभेचे उंबरे झिजवत होते. अखेर 2007 मध्ये न्यू मेक्सिकोने कायदा केला: काउंटीच्या परवानगीने छोट्या तुकड्यावर, ठरावीक मुदतीसाठी, नेहमीच्या बांधकाम नियमांतून सूट घेऊन शाश्वत घरांचे प्रयोग करता येतील. त्याच वर्षी त्यांचा परवानाही परत मिळाला. सरकारने चूक करायला दिलेला रीतसर परवाना, असं या कायद्याचं वर्णन केलं तर ते फार चुकणार नाही.

ताओसच्या पश्चिमेला, अ‍ॅरिझोनात, परवानगीचा प्रश्न उलट्या बाजूनेही विचारला गेला आहे. होपी या आदिवासी जमातीचं होटेविला हे गाव 1906 मध्ये, ओराइबी या त्यांच्याच गावात फूट पडल्यावर वसलं. तिथल्या परंपरानिष्ठांनी वीज कंपनीच्या खांबांनाच गावात मज्जाव केला. तार आली की तिच्याखालच्या जमिनीवर परक्याचा वहिवाटीचा हक्क येतो आणि विधींच्या जागांची शांतता मोडते, ही त्यांची हरकत. मग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस होपी फाउंडेशनने नेटिव्ह सन नावाचा उपक्रम काढला आणि फिरत्या कर्जनिधीतून घराघरांत पॅनेल बसवली. परवानगी नाकारली ती तारेला, दिव्याला नव्हे.

शेजारच्या नव्हाहो लोकांना मात्र निवडच मिळाली नाही. होपी आणि नव्हाहो यांच्यातला जमिनीचा वाद मिटेपर्यंत म्हणून अमेरिकी सरकारच्या इंडियन, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या, व्यवहार खात्याचे आयुक्त रॉबर्ट बेनेट यांनी 1966 मध्ये सुमारे 15 लाख एकरांवर बांधकामबंदी घातली. बेनेट स्वतः ओनायडा जमातीचे. दोन्ही जमातींच्या संमतीशिवाय तिथे घर, रस्ता, विजेची तार काहीच नवं होईना. गळकं छप्परही दुरुस्त करायची चोरी. बंदी पूर्ण उठायला 2009 उजाडलं. आजही नव्हाहो प्रदेशातली हजारो घरं तारेवाचून आहेत. नवं घर बांधायचं तर जमीन अमेरिकी सरकारच्या विश्वस्तपणाखाली असल्याने आधी घरजागेचा भाडेपट्टा लागतो, जास्तीत जास्त एक एकराचा. त्यासाठी त्या जागेवर ज्याचा चराईचा परवाना आहे त्याची संमती, पुरातत्त्वाची पाहणी, वनस्पती आणि प्राण्यांबद्दलचा ना-हरकत दाखला. तार जिथे पोचत नाही तिथे जमातीची स्वतःची वीजसंस्था सौर संच भाड्याने देते. महिन्याचं भाडं भरायचं, बिघाड झाला तर तिचीच माणसं येतात. संच बसायला दिवस लागतात, आणि तो ज्या घरावर बसायचा त्या घरजागेचा कागद हातात यायला कित्येकदा वर्षं.